भांडुपच्या टेकडीवरची आखाजी

चाळीसगावच्या फलाटावर आम्ही दोघी जावा उभ्या होतो आणि आमच्या मध्ये गोधडीत गुंडाळलेलं खापर होतं. खापर म्हणजे मातीचं मोठं, गोल बुडाचं भांडं. ते चुलीवर पालथं घालायचं आणि त्याच्या तापलेल्या पाठीवर, हातांवर फिरवून मोठी केलेली पुरणपोळी टाकायची. आमच्या खानदेशात आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ही पोळी आणि आमरस झाला नाही, तर सण झाला असं कोणी मानत नाही.

त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं मातीची घागर पाण्यानं भरून पूजतात. वैशाखाच्या उन्हात त्यांना पाणी मिळावं, एवढाच त्यातला भाव. माझे थोरले दीर त्याआधीच्या पावसाळ्यात गेले होते, म्हणून त्या वर्षी त्यांची पहिली घागर होती. त्यांना मुलगा नाही. एकच मुलगी, लता, भांडुपला दिलेली. तिला सातवा महिना लागला होता आणि डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली होती.

"घागर मी भरतो. भावाचं काम आहे ते," असं माझे यजमान म्हणाले.

माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना मी जिजी म्हणते, शांतपणे म्हणाल्या, "भावजी, त्यांची लेक आहे ना. तिला येता येत नाही, तर आम्ही तिकडे जाऊ."

यजमान आम्हाला गाडीवर सोडायलाही आले नाहीत. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी लागली होती. मी जिजींबरोबर निघाले. सोबत गावरान आंब्यांची करंडी, कुरडयांचा डबा, चण्याची डाळ, गूळ आणि गोधडीतलं ते खापर. रात्रभर जिजींनी ते मांडीवरून खाली ठेवलं नाही.

सकाळी ठाण्याला उतरलो. लताचे यजमान विनायकराव घ्यायला आले होते. त्यांनी करंडी घेतली, मी डबे घेतले. खापर जिजी कोणाला देईनात. पायरीवरून उतरताना त्यांचा पाय घसरला आणि त्या खाली बसल्या. त्यांना लागलं नव्हतं. पण गोधडीतून आवाज आला तो मी अजून विसरले नाही.

पाच तुकडे झाले होते. जिजींनी ते एकेक करून पुन्हा गोधडीत बांधले.

"लताच्या बाबांच्या मनात नसेल," त्या म्हणाल्या. "नाहीतर इथवर येऊन असं झालं नसतं."

मुलुंडच्या नाक्यापर्यंत एक रिक्षा आणि तिथून भांडुपपर्यंत दुसरी.

लताचं घर टेकडीवरच्या एका चाळीत. दगडी पायऱ्या चढत जायचं, दोन्ही बाजूंना घरं, दारांना निळा नाहीतर हिरवा रंग. एका वळणावर फणसाचं झाड आणि त्याखाली वाळत घातलेली सुकी मासळी. त्या वासाची मला सवय नव्हती; मी पदर नाकाला लावला आणि समोरच विहीणबाई उभ्या दिसल्या, तसा घाईनं खाली घेतला. लताच्या सासूबाई, मूळच्या मालवणकडच्या. त्यांनी भाकरीचा तुकडा आमच्यावरून ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. लता दारातच उभी होती. आईला बघून ती हसली आणि लगेच तिचे डोळे भरले.

जिजींनी गोधडी सोडून तुकडे दाखवले.

"रडतास कित्याक (कशाला रडता)?" विहीणबाई म्हणाल्या. "मातयेचाच होता मा? दुसरा मेळात (मिळेल). आधी चार घास खावा."

त्यांनी काळ्या वाटाण्यांची उसळ आणि आंबोळ्या केल्या होत्या. आंबोळी म्हणजे तांदळाच्या आंबवलेल्या पिठाची जाळीदार, मऊ पोळी. मी चार खाल्ल्या. जिजींनी अर्धी मोडली.

आखाजी तिसऱ्या दिवशी होती. दुपारी विनायकराव आणि मी बाजारात गेलो. उन्हाळ्याचे दिवस, माठांचे ढीग लागलेले. सगळ्यात मोठा माठ मी बोटानं वाजवून पाहिला. माठवाला म्हणाला, "ताई, हा पाण्याचा आहे. आगीवर ठेवलात तर वाट लागेल त्याची." परत येऊन विनायकरावांनी लोखंडी कढई शेगडीवर पालथी घातली. पोळी तिच्यावर अशी चिकटली की उलथन्यानं खरवडावी लागली. विहीणबाईंनी तो खरवडलेला भाग चाखला आणि म्हणाल्या, "चव बरी आसा." जिजी पहिल्यांदा थोड्या हसल्या.

मग लताला आठवलं. तिच्या ऑफिसातली एक मैत्रीण दहिसरला राहायची. तिच्या शेजारी आपल्याकडच्या, पारोळ्याच्या बाजूच्या एक बाई होत्या आणि त्यांच्या कपाटावर एक भलंमोठं मडकं कायम पालथं असायचं. "आम्ही तिला चिडवायचो, शेजारीण घुमट बांधतेय म्हणून," लता म्हणाली. "आई, ते खापरच असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी निघालो. जिजी, विहीणबाई आणि मी. विहीणबाईंना घरी थांबा म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "तुमका बस तरी गावात (सापडेल) काय?" ते खरंच होतं.

लाल बस पवईच्या तलावाच्या कडेनं गेली. मुंबईत एवढं पाणी आणि त्याच्या काठाला एवढी झाडी असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पुढे आरेच्या कुरणांतून रस्ता गेला. म्हशींचे लांबच लांब गोठे, गवताचे भारे डोक्यावर घेतलेल्या बायका, शेणाचा आणि ओल्या गवताचा वास. जिजी खिडकीतून बघत होत्या. "हे तर आपल्यासारखंच आहे गं कुसुम," त्या मला म्हणाल्या. गोरेगावला बस बदलली आणि हमरस्त्यानं दहिसर गाठलं.

नदीच्या काठाला लागून ती चाळ होती. नदीला पाणी थोडंच, त्यात पोरं डुंबत होती. मैत्रिणीनं दार दाखवलं. आत साठीच्या घरातल्या, ठेंगण्या, कपाळावर मोठं कुंकू असलेल्या वेणूताई तांदूळ निवडत होत्या. कपाटावर नजर गेली आणि जिजी तिथंच थांबल्या. काळंभोर, तेल पिऊन गुळगुळीत झालेलं खापर होतं ते.

"तुमनं गाव कोनतं शे (तुमचं गाव कोणतं आहे)?" वेणूताईंनी विचारलं. अहिराणी ऐकताच जिजींनी सगळंच सांगून टाकलं. दीर गेले ते, लताचं, फुटलेल्या खापराचं. मी मधे बोलायचा प्रयत्न केला, पण जिजींना थांबायचंच नव्हतं. आठ-नऊ महिन्यांत त्या इतकं सलग बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं.

वेणूताईंनी ताट बाजूला ठेवलं. "नऊ वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "इथं लाकडं पेटवू देत नाहीत, धूर होतो म्हणतात. गॅसवर खापर तापत नाही. दर दिवाळीला पुसते आणि परत वर ठेवते."

"एका दिवसापुरतं द्याल?" जिजींनी विचारलं.

"नाही."

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. वेणूताई उठल्या, खुंटीवरची पिशवी काढली आणि तिच्यात एक लुगडं कोंबायला लागल्या.

"खापर एकलं जावाव नही (एकटं जाणार नाही)," त्या म्हणाल्या. "मी बी येस."

त्यांचे यजमान आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. "दोन दिवस शेजारी जेवा," एवढंच त्यांना सांगून वेणूताई आमच्याबरोबर निघाल्या.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं खापराकडे पाहिलं. "मावशी, याचं पण तिकीट लागेल."

"लावा ना," वेणूताई म्हणाल्या. "पण मग त्याला खिडकीजवळ बसवा."

सगळी बस हसली. एका कॉलेजच्या मुलीनं उठून खरोखरच जागा दिली. खापर आरेची कुरणं आणि पवईचा तलाव बघत भांडुपला आलं. कंडक्टरनं त्याचं तिकीट फाडलं नाही.

आखाजीच्या सकाळी चाळीच्या मागच्या मोकळ्या जागेत विनायकरावांनी विटांची चूल मांडली. लाकडं वखारीतून आणली होती. डाळ रात्रीच भिजत घातली होती; ती शिजवून, गूळ घालून, विहीणबाईंनी पाट्यावर पुरण वाटलं. जिजी कणीक तिंबत बसल्या. ही कणीक सैल लागते, पाण्याचा हात लावत ताणून ताणून आपटावी लागते. घागर दारात रांगोळीवर ठेवली होती.

खापर तापलं. जिजींनी पुरणाचा गोळा कणकेत भरला, दोन्ही तळव्यांवर थापला आणि एका हातावरून दुसऱ्या हातावर फिरवायला सुरुवात केली. पोळी ताटाएवढी झाली आणि मधोमध फाटली. जिजी फाटलेल्या जागेकडे बघत राहिल्या. दीरांना पहिली पोळी त्या नेहमी स्वतः वाढायच्या, हे मला माहीत होतं.

वेणूताईंनी फाटलेली पोळी तशीच खापरावर टाकली, भाजली, तुकडा मोडून अर्धा जिजींना दिला आणि अर्धा स्वतः खाल्ला. "मीठ बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आता दुसरी घ्या."

दुसरी फाटली नाही. ती जिजींच्या कोपरांपर्यंत वाढली, इतकी पातळ की पलीकडचा जाळ तिच्यातून दिसत होता. खापरावर पडताच ती फुगली. मागे जमलेल्या शेजारणींपैकी कोणीतरी "झकास" म्हणालं. मग एक पोळी जिजींची आणि एक वेणूताईंची, असं चालू झालं. मला आग्रह झाला. मी वीस वर्षं ही पोळी खाल्ली होती, केली कधीच नव्हती. माझी पोळी खापरावर न पडता विनायकरावांच्या खांद्यावर पडली.

आमरसावरून मात्र वाद झाला. आमचे गावरान आंबे रेषाळ, आंबटगोड. विहीणबाईंनी देवगडच्या हापूसची पेटी मागवली होती. आमचा रस चाखून त्या म्हणाल्या, "ह्यो रस नाय, ही पेज." त्यावर जिजी म्हणाल्या, "तुमचा रस गोड आहे, पण त्याला आंब्याची आठवण राहिली नाही." शेवटी दोन पातेली झाली, आणि पुढे पंगतीत माणसं दोन्हींतून वाढून घेत होती.

जेवणाआधी घागर भरायची होती. लता पाटावर बसली. शेजारची एक म्हातारी पुटपुटली, "पोटुशी बाईनं हे करावं का?"

"बापाशीक पाणी देऊक मुहूर्त कित्याक व्हयो (बापाला पाणी द्यायला मुहूर्त कशाला हवा)?" विहीणबाई म्हणाल्या आणि स्वतः तांब्या भरून सुनेच्या हातात दिला.

लतानं घागर भरली. वर लहान मडकं ठेवलं, त्यावर आंबा, शेजारी पोळी. निखाऱ्यावर तूप आणि पोळीचा घास टाकला. आम्ही त्याला आगारी म्हणतो. तिनं वडिलांचं नाव घेतलं आणि ती रडली. जिजी तिच्यामागे उभ्या होत्या. त्या रडल्या नाहीत. त्यांनी लेकीच्या खांद्यांवर हात ठेवले आणि निखारा विझेपर्यंत काढले नाहीत.

मग पंगती बसल्या. पोळीची चौघडी, तिच्यावर तूप, रस, तळलेल्या कुरडया आणि कटाची झणझणीत रशी (आमटी). अर्धी चाळ जेवली. वेणूताई शेवटी बसल्या आणि चार पोळ्या सावकाश जेवल्या. संध्याकाळी विनायकराव त्यांना पोचवायला निघाले, तेव्हा खापर उचलायला गेले.

"ऱ्हाऊ द्या," वेणूताई म्हणाल्या. "इथं चूल पेटते. दरवर्षी मीच येत जाईन." मग विहीणबाईंकडे वळून म्हणाल्या, "बोलावलं नाही तरी येईन." विहीणबाईंनी त्यांच्या पिशवीत सहा हापूस घातले.

आम्ही दोन दिवसांनी परतलो. दुपारच्या उन्हात गाडी चाळीसगावला थांबली. फलाटावर माझे यजमान उभे होते. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, जिजींकडे बघायचं टाळलं आणि चालता चालता म्हणाले, "वहिनी, घागर मी पण भरली. राहवलं नाही."

मला वाटलं, आता काहीतरी बोलणं होणार. जिजी थांबल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला.

"बरं केलंत, भावजी," त्या म्हणाल्या. "यंदा उन्हाळा कडक आहे. त्यांना दोन लागल्याच असत्या."

यजमानांनी चष्मा काढून पुसला. टांग्यात बसल्यावर त्यांनी लताची तब्येत विचारली, मग विहीणबाईंची, आणि घर येईपर्यंत पोळ्या कशा झाल्या ते जिजींकडून ऐकत राहिले.