शिवलेली पानं

"पुस्तकात बघू, मग बोलू."

असं म्हणायचं, उजव्या हाताचं बोट जिभेला लावायचं आणि पान उलटायचं. बोट काळं, पानाचा कोपरा त्याहून काळा. आळेफाट्यावरच्या बॅटरीवाल्या काकांना मी दिवसातून निदान दहा वेळा असं करताना बघायचे. तुम्हीही बघितलं असेल असं कुणीतरी, दुकानात, बँकेत, थुंकी लावून पानं उलटणारं. आपण हसतो आणि सोडून देतो. मीही हसायचे.

त्यांच्या दुकानाला चिकटून आमचं कॉम्प्युटर टायपिंगचं दुकान. मधे फक्त पत्रा. मी महाळुंगे पडवळहून येस्टीनं यायचे आणि दिवसभर अर्ज, लग्नपत्रिका, सातबाऱ्याच्या झेरॉक्स. टायपिंग माझं इतकं फास्ट, की काका पत्र्यावर टकटक करून ओरडायचे, "पोरी, हळू! गारा पडल्यावानी वाटतंय."

त्यांचं रोजचं काम म्हणजे ट्रकच्या बॅटऱ्या दुरुस्त करायच्या, शिसं वितळवून त्यांचे टर्मिनल ओतायचे. पण लांबून माणसं यायची ती दुसऱ्याच कामासाठी. मढ गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात काही घरांत आजोबा-पणजोबांपासूनच्या ठासणीच्या बंदुका होत्या. लायसनच्या, रानडुकरं भातात-नाचणीत घुसतात म्हणून. त्या सगळ्या वेगवेगळ्या हातांनी घडवलेल्या. एकीची गोळी दुसरीला बसत नाही, आणि बाजारात तयार मिळायचा तर प्रश्नच नाही. मग काका लायसन बघायचे, नळीचं माप घ्यायचे, पुस्तक काढायचे आणि शिशाच्या गोळ्या ओतून द्यायचे.

पुस्तक म्हणजे इंग्रजीतलं एक जाडजूड हँडबुक. कव्हर नाही, नाव नाही. पुण्यात रद्दीत मिळालेलं. किती मापाच्या नळीला केवढी गोळी, तिचं वजन किती, शिसं मऊ की कडक, सगळे तक्ते. काकांची शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी शून्य, पण आकडे पक्के. मार्जिनमध्ये पेन्सिलीनं मराठीत नोंदी: 'मढ, खालची आळी. नळी वाकडी. एक माप बारीक घे. म्हातारा तापट.' मला तर त्या तक्त्यांपेक्षा ह्या नोंदीच जास्त आवडायच्या!

एकदा त्यांचा मुलगा म्हणाला, "दादा, एवढी वर्षं तेच करताय, पाठ न्हाई झालं?" हा मुलगा तिशीचा, त्यांच्याच हाताखाली बॅटऱ्या उघडायचा.

"पाठ झालं की माणूस चुकतो," काका म्हणाले. "मी इसरंन. पुस्तक इसरत न्हाई."

चहावाला त्यांना मुद्दाम छेडायचा, "काका, साखर किती टाकू? पुस्तकात बघा!" काका खरंच पुस्तकाकडे बघायचे आणि गंभीरपणे म्हणायचे, "ह्यात न्हाई. तुझ्या अंदाजानं टाक."

आणि बिबट्याचं ऐका. उसात बिबटे वाढले होते त्या दिवसांतली गोष्ट. चार पोरं जीपमधून आली. "काका, दणकट गोळी पाहिजे. बिबट्याला." लायसनचं विचारलं तर एकमेकांची तोंडं बघायला लागली. काकांनी पुस्तक काढलं. बोट जिभेला, पान. बोट जिभेला, पान. पुढून मागे, मागून पुढे. पोरं श्वास रोखून उभी. शेवटी पुस्तक मिटलं. "ह्यात बिबट्याच न्हाई, राव." पोरं निघून गेली! मी पत्र्याच्या अलीकडे तोंडात ओढणी कोंबून हसत होते.

मग त्यांचा हात बिघडला. आधी चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरायला लागले. मग उजवं मनगट खाली लोंबायला लागलं, ओल्या फडक्यासारखं. पोटात मुरडा यायचा तेव्हा वाकून बसायचे. "तोंडाला सारखी चव येती," म्हणायचे, "नाणं चघळल्यावानी." डॉक्टरनं गॅसच्या गोळ्या दिल्या होत्या. काका म्हणायचे, "वय झालं, दुसरं काय."

एक दिवस पुस्तक फडक्यात बांधून माझ्याकडे आले. "हे मराठीत टाईप करून दे. मला आता शिशाची पळी उचलत न्हाई. पोराला इंग्रजी येत न्हाई. आन डोंगरात अकरा घरं हायेत, त्यांना मी घरीच ओतायला शिकवलंय. त्यांना एकेक प्रत देऊ."

मला काय आनंद झाला सांगू! माझं बारावीचं इंग्रजी आणि एक डिक्शनरी. पुस्तक उघडलं तर सुरुवातीची दहा-बारा पानं एकत्र शिवलेली. दाभणानं, सुतळीनं, घट्ट.

"ही कशाला शिवली?"

"त्यात आकडा न्हाई. प्रस्तावना हाय ती. सारखी मधे मधे येती, तक्ता घावत न्हाई. म्हणून शिवून टाकली. किती वर्षं झाली."

पण मला अर्धवट काम आवडत नाही. ब्लेड घेतलं आणि सुतळी कापली.

प्रस्तावना नव्हती ती. पहिलंच पान मी डिक्शनरी घेऊन वाचायला लागले. शिशाचा धूर विषारी असतो. उघड्यावर काम करा, खोलीत असाल तर दारं-खिडक्या उघड्या ठेवा. काम करताना काही खाऊ नका. हात धुतल्याशिवाय बोटं तोंडाला लावू नका. लहान मुलांना लांब ठेवा. आणि मग लक्षणं. पोटात कळा. तोंडात धातूची चव. मनगट लुळं पडणं.

मी तिथेच थांबले. टायपिंग थांबलं म्हणून पहिल्यांदाच पत्र्यापलीकडून टकटक आली, "काय गं पोरी, गारा थांबल्या?"

मी गेले आणि वाचून दाखवलं. दुसरं काय करणार? दार नेहमीसारखं लावलेलं होतं. काका दार लावूनच ओतायचे, कारण वारं लागलं की साचा गार होतो आणि गोळीला सुरकुत्या पडतात. दुपारी तिथेच बसून भाकरी खायचे, ओतायच्या पाटावरच.

काकांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "दाव ते पान." पुस्तक घेतलं, आणि सवयीनं बोट तोंडाकडे गेलं. अर्ध्या वाटेत थांबलं. त्यांनी ते सदऱ्याला पुसलं.

"शिवलं मीच," एवढंच म्हणाले.

त्यानंतर त्यांनी पान उलटलं नाही कधी. पुस्तक समोर धरून माझ्याकडे बघायचे, "तू उलट."

डॉक्टर बदलला. तालुक्याला गेले, पुण्याला गेले. उशीर झाला होता. पण काकांना घोर होता तो अकरा घरांचा. "मी सांगितलंय त्यांना, पोरी. माझ्या तोंडानं. दार लावून घ्या, वारं लागू देऊ नका. पैलं पान मोठ्या अक्षरात टाक. लई मोठ्या."

मी टाकलं. एका पानावर चारच ओळी बसल्या. अकरा प्रती, स्पायरल बाइंडिंग. मी, काका आणि त्यांचा मुलगा असे तिघं मढला गेलो.

पहिलंच घर त्या तापट म्हाताऱ्याचं. त्यांनी आम्हाला बसवलं, कोरा चहा दिला. मी पान वाचून दाखवलं. म्हातारबाबांनी काकांकडे बघितलं.

"बॅटरीवाले, तुमीच सांगितलं व्हतं दार लावा."

"चुकलं माझं."

"तवा बी पुस्तकातनंच सांगितलं व्हतं ना?"

"ते पान वाचलं न्हवतं."

"मग आता कुठलं पान वाचायचं ऱ्हायलंय, ते बघून या. मग सांगा."

काकांनी सवयीनं पुस्तकासाठी इकडेतिकडे बघितलं. ते मी पिशवीत धरून बसले होते.

म्हाताऱ्यांची सून दारात उभी होती, कडेवर वर्षाची पोर. तिनं मला हळूच विचारलं, "ताई, मामा शिसं आमच्या चुलीवरच वितळवत्यात. भाकरी बी तिथंच. काय व्हतं का?"

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात म्हातारबाबा ओरडले, "पावण्यांना पाणी दे आधी!" ती आत गेली. पोर तिच्या खांद्यावरून आमच्याकडे बघत होती.

एक प्रत तिथे ठेवून आम्ही निघालो. पुढच्या दोन घरांतही प्रती ठेवून घेतल्या. एकानं तिथल्या तिथे ती नाचणीच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली. चौथ्या घराच्या चढाला काकांना दम लागला. ते दगडावर बसले ते उठेनात. मुलानं त्यांना पाठीवर घेऊन खाली आणलं. आठ प्रती परत आल्या. मुलगा म्हणाला, मी नेऊन देतो. मीही म्हटलं, मी येते बरोबर. कुणीच गेलं नाही, खरं सांगते. आधी दवाखाना होता, मग काकाच राहिले नाहीत.

पुढे माझं लग्न झालं आणि टायपिंग सुटलं. मागच्या महिन्यात आळेफाट्याला उतरले तेव्हा त्या दुकानाशी गेले. दार आतून लावलेलं. वरच्या फटीतून धूर येत होता. वाजवलं. मुलानं उघडलं. कानाजवळचे केस पांढरे झाले होते.

"ताई! या, या. पटकन या आत, वारं येतंय."

मी आत गेले आणि त्यानं दार लावलं. तेव्हा मला ते दिसलं. दाराच्या आतल्या बाजूला माझं पहिलं पान. तिरकं चिकटवलेलं, खालचा कोपरा सुरकुतलेला. माझी मोठी मोठी अक्षरं: 'काम करताना दार उघडं ठेवा.'

"दादांनी सवता चिकटवलं," तो म्हणाला. "डाव्या हातानं. काढायचा जीव व्हत न्हाई."

"वाचता का?"

"रोज समोरच असतंय."

"मग दार?"

"वारं लागलं की टर्मिनलला सुरकुत्या पडत्यात, ताई. दादाच सांगायचे." तो हसला, अगदी काकांसारखा. पाटावर अर्धी भाकरी होती. पळीत शिसं आरशासारखं चमकत होतं. आठ प्रती कोपऱ्यात, त्यांच्यावर बॅटरी ठेवलेली.

मी बोलले. सगळं बोलले, भराभर, जसं येईल तसं. तो मान डोलवत राहिला, एक डोळा पळीवर ठेवून. मग येस्टीची वेळ झाली.

मी दार उघडलं, सताड, भिंतीला टेकेपर्यंत. पान भिंतीकडे गेलं आणि दिसेनासं झालं. मी पायरी उतरले.

"ताई," मागून त्याचा आवाज आला, "तेवढं दार लावून घ्या जाताना."