शेवटचं नाव येरागी

माझं आडनाव आचरेकर. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण आडनावावरून झालं. गणितात एक रीत आहे. चौघांनी मिळून शोधनिबंध लिहिला, की नावं इंग्रजी वर्णक्रमाने छापायची. कोणी डोकं जास्त खाजवलं, कोणी कमी, याचा नावाच्या जागेशी काही संबंध नाही. त्यामुळे मी, दीपिका आचरेकर, कायम पहिली आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र गुरुदास येरागी कायम शेवटचा. वाय अक्षराच्या मागे उरतंय कोण!

ओरोसच्या आमच्या लहानशा विद्यापीठात गणित विभागाचं जे काही नाव आहे, ते गुरुदासमुळे. त्याचा विषय वाटणीचा. जी वस्तू तोडता येत नाही, ती अशी कशी वाटायची की कोणालाच शेजारच्याच्या वाट्याचा हेवा वाटू नये? परदेशातली मंडळी या प्रश्नात दागिने वाटतात, घरं वाटतात. गुरुदासने बांगडे वाटले. तो मालवणच्या रापणकाराचा मुलगा. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. दोन्ही टोकांच्या दोऱ्या माणसं ओढत आणतात आणि मग वाळूवर मासळीचे वाटे पडतात. अजूनही रविवारी हा हाफ पँट चढवून दोरीला जातो, आणि वाटे घालायला सगळे त्यालाच पुढे करतात. त्यातून सुचलेल्या एका प्रमेयावर जपानमध्ये लोक काम करतायत. आम्हाला ते तिकडून ईमेल आल्यावर कळलं. मेल्याने स्वतः सांगितलंच नव्हतं!

असा माणूस प्राध्यापक मात्र होत नव्हता. दोनदा बढतीच्या मुलाखतीला गेला, दोनदा हात हलवत परत. समितीवर इतर विषयांचे लोक. त्यांच्यात पहिलं नाव ज्याचं, त्याचं काम; शेवटचा म्हणजे किरकोळ मदतनीस. त्यात अर्जात विचारलेलं असायचं, या कामात तुमचा वाटा किती टक्के? गुरुदास प्रत्येक निबंधापुढे लिहायचा, ‘समान’. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "साठ टक्के लिही रे! आपल्या दोघांच्या निबंधात सत्तर लिही, मी सही करते." तर म्हणतो, "दोरी सगळ्यांनी ओढली गो. टक्के खंयसून काढू?" निवृत्ती दोन वर्षांवर आलेली, यंदा हुकलं की संपलं. आणि याला काही पडलेलीच नाही, असं मला वाटायचं.

यंदा समितीच्या अध्यक्ष भूगोलाच्या एक बाई होत्या. मुलाखती सोमवारी. आदल्या दिवशी त्यांना मालवण दाखवायचं काम विभागप्रमुख म्हणून माझ्या गळ्यात पडलं. वारा सुटला होता, किल्ल्याच्या होड्या बंद. मग दांडीच्या किनाऱ्यावर नुसत्याच फिरत होतो, तर समोर रापण ओढणं चाललेलं, जाळं अगदी काठाला आलेलं. बाईंना हुरूप आला. मोबाइल माझ्या हातात कोंबून त्यांनी पदर खोचला आणि दोरी धरली. चार हिसके दिले असतील नसतील, जाळं वाळूवर!

वाटे घालणारा माणूस खाली वाकलेला होता. मान वर न करताच त्याने एक ढीग बाईंपुढे सरकवला. "घेवा, तुमचो वाटो."

"अहो, मी तर शेवटी आले!"

"हात लागलो ना दोरीक? मगे झाला तर."

तो गुरुदास होता. मुलाखतीच्या आदल्या दिवशी उमेदवाराची ओळख करून द्यायची नसते, म्हणून मी ओठ घट्ट मिटून बांगडे पिशवीत भरले.

सोमवारी मी खोलीच्या कोपऱ्यात बसले होते. बोलायची परवानगी नाही, नुसती अंगठ्याने लादी उकरत होते. बाईंनी विचारलं, "येरागी, प्रत्येक निबंधात तुमचं नाव शेवटी कसं?" त्याने वर्णक्रमाची रीत सांगितली.

"आणि टक्क्यांच्या जागी समान?"

"समानच आहे, मॅडम."

झालं, आटोपलं, असं मनात म्हणत मी कपाळाला हात लावला. बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "शेवटच्याचा वाटा कमी असता, तर काल तुम्ही मला थोडे कमी बांगडे द्यायला हवे होते."

आता कुठे त्याने त्यांना ओळखलं. पार गोंधळला बिचारा. "कमी कशाला, मॅडम? दोरी ओढलीत ना तुम्ही."

बाई हसल्या आणि शेजारच्या सदस्यांना म्हणाल्या, "यांचे निबंध गणितातल्या जाणकारांकडे पाठवू या. नावाची जागा बघून आपल्याला काही कळायचं नाही."

जाणकारांचा अभिप्राय आला, आणि मागोमाग बढतीचं पत्र. ते घेऊन मी धावतच त्याच्या खोलीत गेले. त्याने वाचलं, चष्मा काढला, आणि डोळे पुसत म्हणाला, "माका ह्या व्हया होता गो. खूप व्हया होता."

"इतकं हवं होतं, तर दोन्ही वेळा हसत कसा आलास रे मेल्या?"

"रडान काय टक्के वाढले असते?"

मग मीच रडले, अगदी हुंदके देऊन.

पुढच्या सोमवारी हा बर्फाच्या पेटीतून बांगडे घेऊन विभागात हजर. वर्तमानपत्रांवर वाटे घातले, शिपायापासून सगळ्यांचे, आणि एकेक आडनाव पुकारायला लागला. इंग्रजी वर्णक्रमानेच, पण शेवटाकडून! पहिला येरागी, मग वालावलकर, मग सावंत. सगळ्यात शेवटी, डोळे मिचकावत, "आचरेकर!"

जन्मात पहिल्यांदा मी रांगेच्या टोकाला. मी तिथेच माझी पुडी उघडली आणि शेजारी उभ्या असलेल्या सावित्री सावंतच्या पुडीत डोकावले. हेवा वाटावा असा एकही बांगडा ठेवला नव्हता मेल्याने.