तीन वर्षांची सकाळ

माझ्या सासऱ्यांनी मला कॉलेजात जायची परवानगी दिली सोमवारी आणि ती मला कळली शनिवारी. मधल्या दिवसांत मी घरात जो तमाशा केला, तो आठवला की आजही एकटीच हसत सुटते.

मी वाढले नालासोपाऱ्याला, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. आमच्याकडे सगळं तोंडाने चालायचं. हो म्हणजे खणखणीत हो, नाही म्हणजे तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं नाही. लग्न होऊन भुईगावच्या वाडीत आले, तर इथे केळी, मोगरा आणि शांतता. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नवरा वालीवच्या कारखान्यात, सकाळी सातला घराबाहेर. मग दिवसभर मी आणि बाबा, म्हणजे सासरे. बाबांचं बोलणं दिवसाला दहा-बारा शब्द, त्यातले निम्मे 'हं'.

बारावीनंतर माझं शिक्षण सुटलं ते सुटलंच. नंतर मी बारके बारके कोर्स करत राहिले. शिवणाचा तीन महिन्यांचा, केकचा आठ दिवसांचा, कॉम्प्युटरचा दीड महिन्याचा. त्यांना कुणाची परवानगी लागत नसे, कारण दुपारची भांडी आणि चारचा चहा यांच्यामध्ये ते बरोबर मावत. पण तिशीला आल्यावर मला अख्खा कोर्स हवासा वाटायला लागला. तीन वर्षांचं बीए, रोज सकाळी साडेसात ते साडेबारा, बाकावर बसून, हजेरी देऊन. कॉलेजच्या ऑफिसातल्या क्लार्कने "घरबसल्या करा की" असं सुचवलं, तेव्हा मी त्यांना म्हटलं, "घरी मी बारा वर्षं बसलेच आहे."

अडचण होती ती सकाळचीच. आमची विहीर सामाईक. अर्धी आमची, अर्धी बाबांच्या चुलतभावाची, त्यांना मी काका म्हणते. सकाळी पंप आमचा, दुपारी त्यांचा, ही वाटणी बाबांच्या वडिलांच्या काळापासूनची. सकाळची पाळी सगळ्यांनाच हवी असते, कारण दुपारी निम्मं पाणी ऊनच पिऊन टाकतं. आणि आमचं पाणी पाटातून केळींच्या आळ्यांत वळवायचं काम माझं. बरं, पाळी बदलून मागावी तर काकांशी आमचं चार वर्षं बोलणं बंद. कारण एक नारळ. माड आमचा, त्याखाली उभी असलेली नवी कोरी स्कूटर त्यांची.

फॉर्मवर पालकाच्या सहीचा रकाना होता. नवऱ्याने हात झटकले. "बाबांनी हो म्हटलं की डोळे मिटून सही करतो." शेवटची तारीख शनिवार, दुपारी बारापर्यंत.

सोमवारी सकाळी चहा देता देता मी बाबांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि विचारलं, "किती वर्सं?"

"तीन."

"हं," म्हणाले आणि वाडीत निघून गेले.

संध्याकाळी आले ते म्हणाले, "उद्यापासून सकाळच्या पान्याला येव नको."

झालं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. शिकायचं नाव काढलं म्हणून मला वाडीतूनच हाकललं! मंगळवारी सकाळी अंथरुणातूनच पंपाचा आवाज ऐकला आणि मनात म्हटलं, वळवा, एकटेच वळवा पाणी. सकाळभर स्वयंपाकघराबाहेर मी डोकावलेच नाही. दुपारी पंप चालू झाला की मी खोलीचं दार धाडकन लावून घ्यायचे, काकांचं तोंड नको म्हणून. बुधवारी पाववाल्याने सायकलवरूनच विचारलं, "वहिनी, कॉलेज कधीपासून?" मला वाटलं, गावभर माझी टिंगल चाललीय. त्या दिवशी मी पावच घेतले नाहीत आणि बाबांना चहाबरोबर शिळी पोळी दिली. त्यांनी मुकाट्याने खाल्ली. गुरुवारी आमटीत मीठ घातलं नाही. तीही मुकाट्याने खाल्ली. आता सांगायला लाज वाटते, पण शुक्रवारी मी माहेरी जायची पिशवीसुद्धा भरली होती.

शनिवारी सकाळी नऊ वाजले. बाबा ओट्यावर बसून कोयत्याला धार लावत होते. मी फॉर्म घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले आणि पार नालासोपारा होऊन ओरडले, "बाबा, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण काहीतरी म्हणा!"

त्यांनी मान वर केली. "अजून गेली नाय तू?"

"कुठे?"

"कॉलेजात. फारम आजच भरायचा ना?"

"तुम्ही हो कधी म्हणालात?"

त्यांना माझ्या अकलेची काळजी वाटली असावी. "सोमवारीच पाळी बदलली ना," ते म्हणाले.

पंप चालू होता. बाबा इथे माझ्यासमोर, मग वाडीत कोण? मी विहिरीकडे पाहिलं. पलीकडे फावडं घेऊन काका पाणी वळवत होते, आपल्या केळींना, सकाळी नऊ वाजता.

"किती दिवसांसाठी बदलली?"

"तीन वर्सं. तूच तर सांगितलं."

"तुम्ही काकांशी बोललात?"

"न बोलता कशी बदलेल?" एवढं म्हणून ते परत धार लावायला लागले.

मला रडू आलं आणि हसूही, दोन्ही एकदमच. हा माणूस माझ्यासाठी चार वर्षांचा अबोला मोडून आला होता, चार दिवस भर उन्हात एकट्याने पाणी वळवत होता, आणि मी त्याला अळणी आमटी वाढली होती! मी फॉर्म त्यांच्यापुढे धरला. त्यांनी कोयता बाजूला ठेवला, हात धोतराला पुसले आणि पालकाच्या रकान्यात एकेक अक्षर कोरून सही केली.

मी आमची स्कूटर काढली. गल्लीत पाववाला दिसला, त्याला ओरडून सांगितलं, "सोमवारपासून, हां!" खरं तर कॉलेज सुरू व्हायला अजून पंधरा दिवस होते. क्लार्कने सहीवर बोट ठेवून विचारलं, "हे आपले कोण?" मी म्हटलं, "पालक." पावती हातात पडली तेव्हा बाराला वीस मिनिटं होती. जिना मी दोन-दोन पायऱ्या गाळत उतरले.

घरी आले तर बाबा डोक्याला पंचा गुंडाळून विहिरीवर, आमच्या पाळीची वाट बघत. काका पंप बंद करत होते. मला बघून चार वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले, "झाला काय भरून फारम?"

"झाला, काका."

"बरं झालं. मला सकाळ भारी मानवली. एक-दोन वर्सं नापास झालीस तरी चालेल हो." आणि स्वतःच हसले.

मी हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी पाटातलं फावडं उचललं आणि वाडीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ती नाय व्हायची नापास."

मग पंप चालू केला.