संध्याकाळची शिट्टी

कानाच्या दवाखान्यात जिना उतरून गेलं की सगळ्यात शेवटची खोली साचेवाल्या मावशींची. ऐकायचं मशीन कानात घट्ट बसावं म्हणून त्याला एक मऊ तुकडा लागतो, तो साचा. मावशी लहान मुलांचे साचे करत. कानात दोरा बांधलेला स्पंजचा बोळा घालायचा, पिचकारीने लगदा भरायचा, पाच मिनिटं मुलाला हलू द्यायचं नाही, मग घट्ट झालेला ठसा अलगद ओढून काढायचा. कान वाढतो, साचा सैल होतो, सहा महिन्यांनी पुन्हा तेच. अशी बावीस वर्षं. परमेश्वराने एकाच डोक्याचे दोन कानही सारखे घडवलेले नाहीत, हे मावशींइतकं कुणाला पटलं नसेल.

चेहरे मात्र त्यांच्या लक्षात राहत नसत. बाजारात कुणी "मावशी, ओळखलंत का?" म्हटलं की त्या आधी मुलाच्या कानाकडे बघत. लग्न राहून गेलं ते गेलंच. आई होती तोवर घरी दोन शब्द बोलायला माणूस होतं. ती जाऊनही चार वर्षं झाली. तरी संध्याकाळी कुलूप काढताना तोंडातून "आले गं" निघायचंच. मग एकीपुरता स्वयंपाक, थोडा जप, आणि सकाळी दवाखान्याच्या पहारेकऱ्याने हटकेपर्यंत आवाज वापरायची गरजच नाही.

त्या दिवशी भिंगरी आली. वय तीन. एका जागी ठरत नाही म्हणून घरच्यांनी ठेवलेलं नाव. डावा कान कामातून गेलेला, सगळी भिस्त उजव्या कानातल्या मशीनवर. आणि त्या मशीनचा हा तिसरा साचा.

"बाई, हाही वाजतोय," आजोबा दारातूनच म्हणाले. "घरात एक कुकर होता, आता दोन झाले."

भिंगरीची आई हसली नाही. तिने मुलीला बाजूच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः उभी राहिली. "हे म्हणाले, याही खेपेला तेच झालं तर मशीन कपाटात. पोरीच्या कानाशी किती दिवस खेळायचं?"

मावशींना आठवलं, वरच्या तपासणीच्या मॅडमनी कालच बजावलं होतं, हे वर्ष हातचं गेलं तर बोलणं मागे पडेल ते पडेलच. मशीन कपाटात म्हणजे मुलीचे शब्दही कपाटात.

त्यांनी साचा बसवला. मागून टाळी वाजवली, भिंगरीने वळून पाहिलं. तिला मान हलवायला लावली, जबडा हलवायला लावला. मशीन चूप.

"इथं वाजत नाही गं."

"इथं नाहीच वाजत. तुम्हाला वाटत असेल, आम्ही खोटं बोलतो."

"तसं कशाला वाटेल," मावशी म्हणाल्या. पण मनात येऊन गेलं होतं. "नक्की कधी वाजतं?"

"संध्याकाळी. मी कामावरून आले की."

"दिवसभर माझ्यापाशी गुमान असतं," आजोबा म्हणाले. "माझी कंबर गेलेली. आम्ही दोघं आपले जमिनीवर ठोकळे रचत बसतो. सूनबाई आल्या की सुरू. मशीन सासऱ्याच्या पक्षातलं आहे."

"बाबा, पुरे." मग ती मावशींकडे न बघता म्हणाली, "मला बघून धावत येते, आणि जवळ आली की स्वतःच ओरबाडून काढते. आता मीच फार जवळ जात नाही. लांबूनच खेळवते."

मावशींना जे येत होतं तेच त्या बोलल्या. "पुन्हा ठसा घेऊ. घे तिला मांडीवर."

आई एक पाऊल मागे सरली. "तुम्हीच घ्या ना, मावशी."

बावीस वर्षं मुलं आईच्या मांडीवर आणि मावशी बाजूच्या स्टुलावर, हातात मोजे, समोर फक्त कान. पिचकारी नुकतीच भरलेली होती, ती त्यांनी खाली ठेवली आणि बरणी उचलावी तसं भिंगरीला काखेत हात घालून उचललं. पण पोरगी तयारीची. तिने मावशींच्या गळ्याला मिठी मारली आणि डोकं खांद्यावर टाकलं. उजवा कान खाली.

शिट्टी वाजली. बारीक, कान फाडणारी. भिंगरीचा हात मशीनकडे गेला.

"बघा," आई म्हणाली. "हेच."

मावशींनी तिचं डोकं जरा उचललं. शिट्टी थांबली. पुन्हा टेकू दिलं. पुन्हा वाजली. मशीनला काही टेकलं की त्याचाच आवाज त्यात परत शिरतो आणि ते कोकलतं, हे या धंद्यात कुणालाही ठाऊक. बॅटरी जिवंत आहे का ते बघायला मावशी स्वतः रोज मशीन मुठीत धरून वाजवत. इतकं ठाऊक, की कुणा आईला ते सांगावं लागेल असं त्यांच्या मनातच आलं नव्हतं. मुलं घरी कुणाच्या तरी खांद्यावर असतात, हे तरी कुठे मनात आलं होतं.

"साचा चांगला आहे," त्या म्हणाल्या. "चूक माझी. मी सांगायला हवं होतं. उशी, भिंत, खांदा, काहीही टेकलं की वाजतं. तू उचलून घेतेस म्हणून वाजतं."

"म्हणजे मी उगाच इतके महिने..." आई म्हणाली.  आजोबांनी चष्मा काढून पुसला.

"डावा कान खांद्याला लावत जा. वाजलंच तर मशीन काढायचं नाही, डोकं फिरवायचं."

भिंगरीचे हात मानेवरून सोडवायला वेळ लागला. कुणी कुणाला धरून ठेवलं होतं, ते सांगता आलं नसतं.

ती माणसं गेली. जिन्यावर शिट्टी ऐकू आली. आत्ता सांगितलं होतं, तरी आईच्या खांद्याला उजवाच कान टेकला होता. शिट्टी पहिलं वळण चढली, दुसरं चढली. कुणी ती थांबवली नाही. मग वरचं दार लागलं.

पिचकारीतला लगदा आतल्या आत घट्ट झाला होता. मावशींनी तो टाकून दिला, मोजे काढले, पुढचं नाव पुकारलं.

संध्याकाळी कुलूप काढताना "आले गं" म्हणून झालं, आणि उंबऱ्यातच त्यांचा हात खांद्यावर गेला, भिंगरीने डोकं टाकलं होतं तिथे.