अथमानच्या वाळूची पाठवणी

जुन्या शहरात तिमाबींना दोन गोष्टींवरून ओळखत. एक म्हणजे त्यांनी भरलेली टोपी. पांढऱ्या कापडावर सुईनं इतकी बारीक भोकं विणायच्या, की टोपी उन्हात धरली तर भिंतीवर चांदण्या पडायच्या. दुसरी म्हणजे त्यांच्या बाहेरच्या खोलीतली खाऱ्या पाण्याची काचपेटी. मोंबासात समुद्र दाराशी असताना तो घरात कशाला कोंडायचा, असं शेजारणी म्हणायच्या. पण तिमाबींच्या पाठीमागे.

पेटी नवऱ्याची होती. अथमान पाणबुड्या होता, खडकांतले रंगीत मासे धरून व्यापाऱ्यांना द्यायचा. स्वतःसाठी त्यानं एकच ठेवला, निळा, पाठीवर पिवळी रेघ असलेला. लाडानं त्याला सुलतान म्हणायचा. सुलतानसाठी वाळू आणली ती खाडीपलीकडच्या लिकोनीच्या पुढे समुद्रात असलेल्या वाळूच्या पट्ट्यावरची. हा पट्टा ओहोटीला तासभर उघडा पडतो आणि पुन्हा पाण्याखाली जातो. तिथं उतरण्याआधी अथमान परक्याच्या उंबऱ्यावर थांबावं तसा थांबायचा आणि तीनदा विचारायचा, "येऊ का?"

"उत्तर कोण देतं तिथं?" तिमाबींनी एकदा हसून विचारलं होतं.

"देतात. तू हसू नकोस. आणि ही वाळू उसनी आहे बरं का. पेटी जागची हलली की वाळू घरी पोचवायची."

सहा वर्षांपूर्वी अथमान त्याच पट्ट्याकडे गेला आणि होडी एकटी परत आली. देह काही सापडला नाही. मशिदीत देहावाचूनच जनाज्याची नमाज झाली आणि कबर खणायची राहून गेली.

तिसऱ्या प्रहरी असरची नमाज आटोपून घरी आला की अथमान हातातली चांदीची अंगठी पेटीच्या उजव्या कोपऱ्यावर वाजवायचा. टक्, टक्, टक्. सुलतान धावत यायचा. त्याचा चाळिसावा दिवस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिमाबी असरनंतर जानमाजच्या चटईवर बसल्या होत्या, आणि त्यांना तेच ऐकू आलं. टक्, टक्, टक्. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. आवाज खालून येत होता, वाळूतून. सुलतान कोपऱ्यात जाऊन उभा.

त्यांनी रक्षणाची आयतुल कुर्सी म्हटली, चारी दिशांना फुंकर घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोजच.

दारावरच्या माणसानं तीनदा विचारावं, घरातल्यानं "या" म्हणावं, उत्तर आलं नाही तर पाहुण्यानं माघारी फिरावं, ही तिकडची रीत. पण दिसत नाही त्याला आत बोलावू नये, असं तिमाबींना आईनं शिकवलेलं. म्हणून त्या "या" कधी म्हणाल्या नाहीत. आणि सहा वर्षांत त्या वेळेला घराबाहेरही कधी पडल्या नाहीत. ना कुणाच्या लग्नाला, ना कुणाच्या मयताला. लोक म्हणत, बाई मोठी नमाजी. त्या ऐकून घेत.

यंदा घरमालकानं घर विकलं. लेक रेहेमा म्हणाली, "आई, आता पुरे. लिकोनीला माझ्याकडे ये." पेटी हलवायला फराजी आला. हा अथमानचा भाचा, हॉटेलांतल्या पेट्या सांभाळून दाढी पिकलेला.

"मामी, मासा बादलीत, दगड बादलीत, पाणी पिंपात. वाळू मात्र सगळी टाकायची. खाली नवी घालू."

"टाकायची का म्हणून? चौदा वर्षांची आहे."

"म्हणूनच! वरून पांढरी, तळाला डांबर झालंय. निजलेलं विष आहे ते. ढवळलं की उठेल आणि तुमच्या सुलतानला घेऊन जाईल. वरची फक्त वाटीभर ठेवू, नव्या वाळूला विरजण म्हणून."

"मामाचा हात लागलाय रे तिला."

"मामाचा हात मलाही लागलाय, पाठीत. म्हणून मला कोणी पेटीत ठेवलं का?"

तिमाबींना हसू आलं, पण डोळे भरले. पाणी उपसलं. फराजी खाली वाकला. उजव्या कोपऱ्यात, काचेला लागून, तळाची काळी वाळू घट्ट बसली होती, आणि तिच्यात पंजाचा ठसा होता. पाच बोटं, एका बोटाच्या मुळाशी अंगठीएवढी खाच.

"किड्यांची बिळं असतील," फराजी हळूच म्हणाला, आणि खोरं हातात असून त्यानं तो कोपरा तसाच सोडला. "मी गाडीवाल्याला बघून येतो."

तो येईपर्यंत तिमाबींनी तो कोपरा बादलीत भरला, वर भरतकामाचं कापड टाकलं आणि झाकण लावलं. फेरीबोटीवर सगळा वेळ बादली त्यांच्या मांडीवर होती. लिकोनीला फराजी पिंपं उतरवत असताना त्यांनी ती वाळू रिकाम्या पेटीत ओतली आणि त्यावर धुतलेली नवी वाळू पसरली. दिसायला लख्ख. मग पाणी, दगड, वाटीभर विरजण आणि शेवटी सुलतान.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेहेमा नारळाच्या रसातल्या तुरी ढवळत होती. ती ओरडली, "आई, अंडी नासलीत का गं कुठं?"

वास पेटीतून येत होता. सुलतान आडवा होऊन पाण्याच्या वर तोंड काढत होता आणि त्याचा निळा रंग राखेसारखा झाला होता. त्यांनी फराजीला बोलावलं. त्यानं समुद्राच्या ताज्या पाण्याची बादली आणून मासा आधी तिच्यात सोडला, मग पेटीच्या तळाला बोट घातलं. बोट काळं.

"मामी, हे काय केलंत?"

तिमाबी खाली बसल्या आणि सहा वर्षांत पहिल्यांदा सगळं बोलल्या. टकटक, अंगठी, न म्हटलेलं "या".

रेहेमानं तोंडाला पदर लावला. फराजी म्हणाला, "एक कोळंबी असते, नांगी आपटते. काच तडकल्यासारखा आवाज येतो."

"मग शोध."

त्यानं दोन्ही हातांनी काळी वाळू दुसऱ्या बादलीत चाळत भरली. मूठ मूठ बघून. कोळंबी नव्हती. साधा शिंपलाही नव्हता.

"मामी," तो म्हणाला, "मासा ठेवायचा की आवाज, ते तुम्हीच ठरवा. दोन्ही नाही राहणार."

तिमाबी ताज्या पाण्याच्या बादलीतल्या सुलतानकडे बघत राहिल्या. त्याचे कल्ले धापा टाकत होते. "होडी काढ," त्या म्हणाल्या.

असरची वेळ. ऊन पांढरं, वारा नाही. पट्टा उघडा पडला होता. तिमाबींनी होडीतच नमाज पढली, मग घोटाभर पाण्यात उतरून काठावर थांबल्या.

"येऊ का?" कोणी नाही. "येऊ का?" कोणी नाही. तिसऱ्यांदा विचारताना आवाज फाटला. लाटसुद्धा नव्हती.

"ओता ना मामी. पाणी चढतंय."

"उत्तर नाही आलं."

"वाळू उत्तर देते होय?"

तेवढ्यात त्यांच्या हातातल्या बादलीत, प्लास्टिकच्या आतल्या अंगाला, टक्. टक्. टक्.

फराजी मागे सरला, त्याच्या ओठांवर कलमा आला. तिमाबींनी मात्र बादली छातीशी धरली आणि सहा वर्षं अडलेला शब्द बाहेर पडला.

"या," त्या म्हणाल्या. "तुमचंच घर आहे. या."

त्यांनी बादली उलटी केली. काळी वाळू पांढऱ्यावर पडली, पाणी आलं आणि ती घेऊन गेलं. परतताना फराजीनं बादली दोनदा पालथी करून पाहिली. आत काही नव्हतं.

पेटी धुऊन पुन्हा मांडली. अल्लाच्या कृपेनं सुलतान जगला, रंगही परतला. पेटीत आता आवाज नाही. पण असर झाली की तो उजव्या कोपऱ्यात येतो आणि काचेबाहेर, माणसाच्या छातीच्या उंचीवर, टक लावून उभा राहतो.

"आई," रेहेमानं परवा विचारलं, "कुणाकडे बघतो गं तो?"

तिमाबींनी सुईत दोरा ओवला. "दार उघडं ठेव," त्या म्हणाल्या, "आणि कॉफीचा एक पेला जास्त काढ."