घमेल्यात बुडवलेली मान

धुळ्यात मी मानसशास्त्र शिकत होतो आणि दर रविवारी दहावी नापास पोरांना धीर देण्याची फुकट सेवा करत होतो. माझ्या वाट्याला आला आग्रा रोडवरचा एक पंक्चरवाला पोरगा. ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा की जन्मभर टायरच उलटेपालटे करायचे, हे त्याला दीड महिन्यात ठरवायचं होतं.

माझी प्रश्नावली एवढी लांब, की रस्त्यावर पसरली असती तर शिरपूरला पोचली असती. मी विचारायचो, "वडिलांची भीती वाटते का?" तो ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवायचा. "स्वप्नात काय दिसतं?" तो ट्यूब इंचभर सरकवायचा आणि डोळे बारीक करून बुडबुडे शोधायचा. असे चार रविवार गेले! एवढ्या वेळात दगडानेसुद्धा आपलं बालपण सांगितलं असतं.

पाचव्या रविवारी माझं डोकं फिरलं. "अरे बाबा, तुझी अडचण तरी काय आहे?"

बुडबुडा आला तिथे त्याने बोट दाबून धरलं आणि पहिल्यांदाच मान वर केली.

"भाऊ, तुमीन नुसती हवा भरी राहिनात. पंक्चर गणितमा शे. गणित शिकाडशात का?"

आता आली पंचाईत! गणिताला घाबरूनच मी मानसशास्त्र घेतलं होतं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, ते त्याला सांगून टाकलं.

त्याने हात पुसले, फळीवरून बीजगणित काढलं आणि बाकावर सरकून मला जागा केली.

"मंग बसा भाऊ. तुमना बी फॉर्म भरी टाकूत."