म्हात्रेसिस्टरचं अर्धं वाक्य

म्हात्रेसिस्टर उलटं बोलायच्या. "नको साखर, माज्या चहात." "देऊ नका मध, तान्ह्या पोराला." मुद्दा आधी, बाकी सगळं मागून. कोपरखैरण्यातल्या आमच्या सोसायटीत नव्याने आलेल्या बायका तोंडाला ओढणी लावून हसायच्या. मला हसू येत नसे. ती सवय त्यांना माझ्या लेकीमुळे, मुक्तामुळे लागली होती.

सिस्टर इथल्याच गावठाणातल्या, पालिकेच्या आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेल्या. आमच्या बायकांच्या ग्रुपवर मुलांच्या दुखण्याबद्दल रोज काहीतरी येऊन पडे. लशीने मूल मंद होतं, अमेरिकेतल्या कुठल्याशा डॉक्टरने म्हणे गुपित फोडलंय. सिस्टर लगेच हजर. "कुनी सांगितला? त्याचा नाव काय? त्याची सोताची पोरं कुठं हायत?" टायपिंगचा त्यांना कंटाळा. माईक दाबून धरायच्या आणि भांडल्यासारख्या बोलायच्या.

मुक्ता अकरा महिन्यांची असताना तिला जुलाब लागले. सासूबाई म्हणाल्या, पाणी तोड, आपोआप थांबतील. मला पटत नव्हतं. तेवढ्यात ग्रुपवर सिस्टरचा आवाज आला, "पोराला जुलाब झालं का पानी एकदम बंद करा." मुक्ता रडायला लागली म्हणून मी फोन तसाच ओट्यावर टाकला. खुद्द सिस्टर सांगतायत म्हटल्यावर शंका कसली? दिवसभर मी तिला काही पाजलं नाही. ती पेल्याकडे हात करायची, तर मी पेलाच लपवून ठेवला.

संध्याकाळी सिस्टर सहज डोकावल्या. त्यांनी मुक्ताच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

"पानी कवा दिलंस?"

"सकाळपासून बंद केलंय. तुम्हीच तर सांगितलंत!"

मी तो निरोप लावून दाखवला. सिस्टरनी माझ्या हातातून फोन घेतला, पडद्यावर अंगठा वर-खाली फिरवला आणि परत दिला.

"चुकी माजी," त्या म्हणाल्या. "अंगठा सुटला, वाक्य अर्धाच गेला. उचल पोरीला."

वाशीच्या हॉस्पिटलपर्यंत रिक्षात त्या चमच्याने तिला मीठ-साखरेचं पाणी पाजत होत्या. तीन दिवस सलाईन चाललं. मुक्ता वाचली. मी मात्र सासरी-माहेरी ज्याला त्याला सांगत सुटले, नर्स असून असले निरोप पाठवतात! सिस्टर एका शब्दाने उलटून बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून मात्र त्यांचं वाक्य शेपटाकडून सुरू व्हायला लागलं. मी एकदा छेडलं तर म्हणाल्या, "तुटू दे मधेच. कामाचा तेवढा पोचला पायजे."

गेल्या महिन्यात सिस्टर गेल्या. मुक्ता आता चौथीत आहे. ती म्हणाली, "आई, सिस्टरआजीचा आवाज आहे का गं तुझ्याकडे?" मी जुना ग्रुप उघडला. शोधत शोधत त्या दिवसापर्यंत आले. तो निरोप तिथे होता. त्याखाली तिघीजणींचे जोडलेले हात होते. आणि त्या हातांखाली सिस्टरचाच आणखी एक निरोप, चार सेकंदांचा, त्याच मिनिटाचा. त्याच्या माईकचं चिन्ह निळं झालेलं नव्हतं. म्हणजे तो मी कधी ऐकलाच नव्हता.

मी तो लावला.

"असा सांगनाऱ्याचा ऐकू नका. पानी जास्ती पाजा."

मुक्ता हसली. "पुन्हा लाव ना!" त्या संध्याकाळी माझ्या फोनवर अंगठा फिरवताना सिस्टरना हा न ऐकलेला निरोप दिसला होता. दिसल्यावरच त्या म्हणाल्या होत्या, चुकी माजी.